महामुनी: सोन्याने वाढणारी मूर्ती

मंडाले म्हटलं की आपल्याला टिळकांचा तुरुंग आठवतो. ब्रह्मदेशातल्या माणसाला आठवते तिथली महामुनी बुद्धमूर्ती. ही मूर्ती मूळची आराकानची, म्हणजे ब्रह्मदेशाच्या पश्चिम किनाऱ्यावरची. ब्रह्मी राजा बोदोपयाच्या सैन्याने १७८४ मध्ये आराकान जिंकलं आणि तिचे भाग सुटे करून डोंगर ओलांडून आणली. खुद्द बुद्धांच्या हयातीत ती ओतली गेली, अशी तिथली श्रद्धा. मूर्ती धातूची, भूमिस्पर्श मुद्रेतली (उजव्या हाताची बोटं जमिनीकडे), सुमारे साडेबारा फूट उंच.

पण पाहणारा बुचकळ्यात पडतो तो अंगाकडे बघून. चेहरा आरशासारखा लखलखीत आणि अंग फणसाच्या सालीसारखं खडबडीत! हा खडबडीतपणा भक्तांनी लावलेल्या सोन्याच्या वर्खामुळे. थर काही ठिकाणी १५ सेंटिमीटरपर्यंत जाडीचा आहे.

वर्ख मंडालेतच ठोकला जातो. सोन्याच्या पट्टीचे बारीक तुकडे बांबूच्या कागदांच्या थप्पीत ठेवतात, थप्पी कातड्यात घट्ट बांधतात आणि सुमारे तीन किलोच्या हातोड्याने ठोकतात. अर्धा तास, मग पुन्हा कापून अर्धा तास, शेवटची ठोकणी पाच तासांची. वेळ मोजायला पाण्यात सोडलेली भोक पाडलेली करवंटी, म्हणजे आपलं घटिकापात्रच. खरी कसोटी कागदाची असते. तो इतका मार खाऊन फाटू नये म्हणून बांबू तीन वर्षं चुन्यात भिजवतात.

लावताना वर्ख बोटाने उचलायचा नाही. घामट बोटाला तो चिकटला की सुटत नाही आणि पंख्याच्या झुळकीनेही चुरगळतो. कागदासकट मूर्तीवर टेकवायचा, पाठीमागून अंगठ्याने दाबायचा, मग कागद अलगद सोलायचा. ज्या भागापर्यंत हात सहज पोचतो तिथे थर जास्त बसतो, त्यामुळे अंगाला असे उंचवटे येतात. चौथऱ्यावर फक्त पुरुषांना जाता येतं, स्त्रिया समोर बसतात. ज्या धम्मात भिक्खुणींचा संघ होता, तिथे हा नियम मला मनापासून खटकतो.

चेहऱ्याला मात्र वर्ख लावत नाहीत. रोज पहाटे चारच्या सुमारास भिक्खू सुगंधी पाण्याने मुखप्रक्षालन करतात, दातांवरून ब्रश फिरवतात, थनखाचं, म्हणजे तिथल्या एका झाडाच्या सालीचं, उटणं लावतात आणि भक्तांनी आणलेल्या पंच्यांनी टिपतात. ते पंचे भक्त प्रसादासारखे घरी नेतात. रोजच्या या पुसण्याने चेहऱ्याला झळाळी येते.

१८८४ च्या आगीत मंदिर जळालं, वर्ख वितळला, राखेतून ९० किलोच्या आसपास सोनं निघालं. म्हणजे आज दिसणारा बहुतेक थर त्यानंतरचा. तेव्हा गादीवर होता थिबा. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि १९१६ मध्ये तो आपल्या रत्नागिरीत वारला. २८ मार्च २०२५ च्या भूकंपात मंदिराची पुन्हा मोठी पडझड झाली.

आवारात कंबोडियातल्या अंगकोरच्या सहा कांस्यमूर्तीही आहेत: तीन सिंह, दोन योद्धे, एक ऐरावत. सयामची अयुथया, दक्षिण ब्रह्मदेशातलं पेगू, मग आराकान असा लुटीचा प्रवास करून त्या इथे पोचल्या. ज्याचं जे दुखतं त्याने योद्ध्याच्या त्याच अवयवावर हात फिरवायचा, अशी रीत. त्यामुळे त्यांची पोटं आणि गुडघे झिजून गुळगुळीत झाले आहेत.