माणशी अर्धा एकर

श्रोतेहो, नमस्कार.

आमची विहीर सात परस, म्हणजे सात माणसांच्या उंचीएवढी खोल. आजोबांच्या वेळेपासून तिला शिमग्यापर्यंत पाणी असायचं. यंदा संक्रांतीलाच तिचा तळ दिसला. त्याच आठवड्यात शेजारच्या बांधावर बोअरची गाडी रात्रभर घरघरत होती. शेजाऱ्याला मी बोल लावत नाही, कारण दोन वर्षांपूर्वी अशीच गाडी आम्हीही आणली होती आणि तेव्हा पलीकडच्या वस्तीवरच्या विहिरीचं काय होईल, हे आमच्या घरात कुणी विचारलं नव्हतं.

रान ज्याचं, त्याखालचं पाणी त्याचं, असं आपण धरून चालतो. ही समजूत १८८२ सालच्या, इंग्रजांच्या काळातल्या सुविधाधिकार कायद्यापासून मुरलेली आहे. पण पाण्याला सातबारा कळत नाही. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून अधिक भाग काळ्या पाषाणावर बसलाय. या दगडाला पोट नाही. वरचा मुरूम आणि खालच्या भेगा यांत जेवढं मुरेल, तेवढंच पाणी. ते एकाच्या रानातून दुसऱ्याच्या रानात सरकत राहतं. म्हणजे माझी मोटर चालू झाली की खालच्या अंगाच्या विहिरीचं पाणी उतरतं.

हे ज्यांनी फार लवकर ओळखलं, त्या विलासराव साळुंखे यांच्याविषयी आज मला बोलायचंय. ते पुण्यातले इंजिनियर, स्वतःचा कारखाना असलेले. १९७२ च्या दुष्काळात पुरंदर तालुक्यात त्यांनी दुष्काळी कामांवर खडी फोडणारी माणसं पाहिली. त्यांत जमीन असलेले शेतकरीही होते. १९७४ साली त्यांनी नायगावात देवस्थानची १६ हेक्टर उजाड, उताराची जमीन भाड्यानं घेतली. बांध घातले, पायथ्याला पाणी अडवलं, खाली विहीर खणली आणि ते पाणी उचलून वर नेलं. पत्नी कल्पनाताई सोबत होत्या.

पण पाणी अडवणारे पुष्कळ झाले. साळुंख्यांचं मोठेपण मला वाटण्याच्या हिशेबात दिसतं. त्यांनी उभ्या केलेल्या पाणी पंचायतीनं, म्हणजे एकत्र येऊन पाणी वाटून घेणाऱ्या गावकऱ्यांच्या गटानं, ठरवलं की पाणी जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि एका घराला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. वीस एकरवाल्यालाही तेवढंच. भूमिहीनाचाही वाटा धरलेला. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. ऊस लावायचा नाही. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी स्वतः उभा करायचा, आणि पाळीनं पाणी द्यायला पाटकरी नेमायचा.

भूमिहीनाला पाणी, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला खटकली होती. रानच नाही तर पाणी घेऊन तो करणार काय? मग लक्षात आलं, आमच्याच गावात कितीतरी रानं वाट्यानं कसली जातात. हातात पाण्याचा हक्क असला, तर वाटेकरी जमीनवाल्याशी बरोबरीनं बोलू शकतो.

आता तर या हिशेबाची निकड वाढली आहे. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, असं पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलंय. आमच्याकडचे म्हातारे सांगतात ती झड आता लागत नाही. चार तासांत ओढा दुथडी वाहतो, पाणी मुरायला सवडच मिळत नाही, आणि पुढं वीस दिवस आभाळ कोरडं. मुरणारं कमी आणि उपसणारे जास्त, अशा वेळी आणखी खोल जाणं म्हणजे उद्याचं पाणी आज काढणं. राज्याच्या भूजल कायद्यानं ६० मीटरांखाली शेतीसाठी विहीर घ्यायला मनाई केली आहे. म्हणजे साधारण २०० फूट. आमच्या शिवारात सहाशे फुटांच्या खाली गेलेल्या बोअर मी बोटांवर मोजू शकत नाही.

म्हणून आमच्या वाडीतल्या अकरा घरांनी एक ठरवलंय. कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक विहिरीत दोर सोडायचा, पाणी किती परस आहे ते शाळेच्या भिंतीवर खडूनं लिहायचं, आणि तो आकडा बघून मगच कुणी किती गहू, किती हरभरा पेरायचा ते बसून ठरवायचं. शेजारी येणार आहे. दोर त्याच्याकडचाच आहे.