विकत नाही, वारसानं

श्रोतेहो, नमस्कार.

माझी सगळी नोकरी बँकेच्या परकीय चलन विभागात गेली. त्यामुळे लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला मठ्ठा वाढणारा विचारतो, "काका, डॉलर कितीला आहे?" निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण हा प्रश्न काही सुटला नाही. दुसरा प्रश्न त्याहून अवघड. "आमचा मुलगा अमेरिकेचा नागरिक झालाय, त्याला इकडे जागा घ्यायचीय, कशी घ्यायची?" आज त्याच्यावरच बोलणार आहे. आणि बोलता बोलता आमच्या बंड्याची गोष्ट सांगणार आहे. खरं तर ती सांगायची म्हणूनच हा विषय घेतला.

आधी एक गोष्ट कानात नीट बसू द्या. अमेरिकेचा पासपोर्ट विमानतळावर माणसाला झरझर पुढे नेतो. जमिनीच्या कागदापुढे त्याला काही किंमत नाही. शेजारचं मेक्सिको घ्या. हजारो अमेरिकन म्हातारपणी तिथल्या समुद्रकाठी जाऊन राहतात. पण किनाऱ्यापासून 50 किलोमीटर आणि सरहद्दीपासून 100 किलोमीटरच्या पट्ट्यात परदेशी माणसाच्या नावावर घर थेट होत नाही. तिथं बँक मालक म्हणून राहते आणि हा लाभधारक. अशा ट्रस्टची मुदत 50 वर्षं, पुढे वाढवून घ्यायची. थायलंडमध्ये फ्लॅट मिळेल, तोही इमारतीचा 49 टक्क्यांपेक्षा जास्त भाग परदेशी लोकांकडे नसेल तरच. जमीन नाही. कॅनडानं 2023 पासून परदेशी लोकांना शहरांत घरं घ्यायची बंदीच घातली आणि ती 2027 पर्यंत वाढवली. फिलिपिन्सच्या तर राज्यघटनेतच लिहिलंय की परक्याला जमीन नाही. मात्र तिथं एक फट ठेवली आहे, वारसाची. ही फट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता बंड्या. बंड्या म्हणजे माझा मावसभाऊ. वय वर्षं अडुसष्ट, पण बंड्याच. 1983 साली एडिसनला गेला, न्यू जर्सीत. तिकडचा नागरिक झाला, आणि पुढे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांसाठी ओसीआय कार्ड निघालं तेव्हा तेही घेतलं. निवृत्त झाल्यावर त्याच्या मनात आलं की आता सहा महिने तिकडे, सहा महिने देवगडला. आपली आंब्याची बाग हवी, बागेत चिऱ्याचं घर, पडवीत झोपाळा. हे स्वप्न अमेरिकेतल्या प्रत्येक कोकणी माणसाला साठीनंतर पडतं. साठीच्या आधी त्याला कोकणातली गोम आठवते.

एका रात्री अकरा वाजता फोन. "अरे, वीस गुंठे घेतले!" म्हटलं, घेतले म्हणजे? तर एका दलालानं त्याला ड्रोननं काढलेला व्हिडिओ पाठवला होता. खाली समुद्र, वर कलमं, मागे सनई. प्रकल्पाचं नाव इंग्रजी, कुठल्यातरी व्हॅलीचं. मला कळत नाही, आमच्या वाड्यांना इतकी छान नावं असताना या लोकांना व्हॅली कशाला लागते? फणसवाडी म्हटलं तर गिऱ्हाईक पळतं का? असो. बंड्यानं दोन लाख विसारही देऊन टाकला होता.

मी एकच प्रश्न विचारला. "सातबारा बघितलास?"

"तो म्हणाला पाठवतो."

"आणि बिनशेती झालीय का?"

"होणार आहे म्हणाला."

श्रोतेहो, हे 'झालीय' आणि 'होणार आहे' यांच्यामधलं अंतर न्यू जर्सी आणि देवगड यांच्यामधल्या अंतराहून जास्त आहे. नियम असा आहे. ओसीआय कार्ड असलेल्या माणसाला भारतात फ्लॅट घेता येतो, बंगला घेता येतो, दुकान घेता येतं, बिनशेती झालेला प्लॉटही घेता येतो. कितीही घ्या. रिझर्व्ह बँकेला विचारायलाही जावं लागत नाही. पण शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. पुन्हा सांगतो, शेतजमीन, मळा आणि फार्महाऊस, विकत नाही. आणि महाराष्ट्रात तर इथं राहणाऱ्यालासुद्धा आधी आपण शेतकरी असल्याचा दाखला द्यावा लागतो, तेव्हा शेतजमीन नावावर होते.

बंड्या चिडला. "मी त्याच मातीतला ना रे!" मी म्हटलं, मातीला ठाऊक आहे, फेमा नावाच्या परकीय चलन कायद्याला ठाऊक नाही. मग दलालानं दुसरी युक्ती काढली. म्हणे, तुमच्या मेव्हण्याच्या नावावर घेऊ, पैसे तुमचे, नाव त्यांचं. याला सरळ मराठीत बेनामी म्हणतात, आणि त्यात जमीन जाते, पैसे जातात आणि मेव्हणाही जातो.

तर दोन लाख सोडवायला आम्ही दोघं देवगडकडे निघालो. दलाल काही भेटेना. आज कणकवलीला, उद्या गोव्याला. मुक्काम कुठे करायचा? बंड्याच्या वडिलांचं गाव तिथून सात किलोमीटरवर. पण चुलतभावाशी बोलणं बंद, वीसेक वर्षं. कारण काय, तर परसातला गडगा, म्हणजे दगडांचा बांध, हातभर इकडे की तिकडे. मी म्हटलं, काकी अजून आहे, तिला भेटून येऊ. बंड्या गाडीतून उतरायलाच तयार नव्हता. शेवटी चहाची तलफ आली म्हणून उतरला.

काकी नव्वदीकडे झुकलेली. पडवीत बसून सोलं निवडत होती. वर न बघता म्हणाली, "खय होतंस रे इतकी वर्सां?" जणू हा काल बाजारात गेला होता. चहा झाला, कांदेपोहे झाले, चुलतभाऊ आतून बाहेर आला आणि खांबाला टेकून गप्प उभा राहिला. काकीनं विचारलं, काय काम काढलंस? बंड्यानं सांगितलं, जमीन विकत घ्यायला आलोय.

काकीनं हातातलं सोल सुपात टाकलं. "अरे मेल्या, आपलीच जमीन कोण इकत घेता? तुझ्या बापाशीचा नाव अजून थयसरच आसा."

मी बँकेत इतकी वर्षं परिपत्रकं वाचली. त्यांतलं कुठलंही परिपत्रक इतकं स्वच्छ नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे गेलो. आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच. उतारा निघाला. एक एकर बारा गुंठे, सामाईक, सतरा नावं. त्यांतली सहा माणसं वारलेली, आणि त्या सहांत बंड्याचे वडील. ते 1994 साली गेले. तेव्हा हा विमानानं आला, दिवसवार केले, तेराव्याला जेवला आणि परत गेला. वारसनोंद करायची असते हे कोणी सांगितलं नाही, आणि यानं विचारलं नाही.

आता कायद्याची गंमत बघा. हीच जमीन, तीच माती, तेच आंबे. विकत घ्यायला गेला तर अमेरिकेच्या नागरिकाला मनाई. वडिलांच्या मागे वारसानं आली तर चालते. विकत नाही, वारसानं हो. म्हणून सांगतो, मुलगा तिकडे असेल आणि वडील गेले असतील तर आधी गावचा सातबारा काढा. व्हॅलीबिल्ली नंतर.

बंड्यानं तिकीट पुढे ढकललं. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, एक बहीण डोंबिवलीला, एक बडोद्याला, दोघींची नावं आधार कार्डाप्रमाणे. बहिणींची नावं घालायची का, असं गावातल्या एकानं हळूच विचारलं. घालायचीच. 2005 साली वारसा कायद्यात मुलींना मुलाइतका हक्क मिळाला, त्यानंतर तरी हा प्रश्न कोणी विचारू नये, पण विचारतात. नोंद घातली, नोटीस लागली, पंधरा दिवस हरकतीची वाट बघायची. सगळ्यांचे डोळे चुलतभावाकडे. तो बोलला नाही. सोळाव्या दिवशी सकाळी तो स्वतःच आम्हाला मोटरसायकलवर मंडळ अधिकाऱ्यांकडे घेऊन गेला. दोन फेऱ्या मारल्या, कारण आम्ही दोघं एकावेळी मावत नव्हतो.

वाट्याला किती आलं? बावन्न गुंठ्यांत वडिलांचा चौथा हिस्सा म्हणजे तेरा गुंठे. तेराचे तीन भाग केले की प्रत्येकी सव्वाचारहून जरासे जास्त. त्यात दोन हापूसची कलमं आणि एक रायवळ. माझं वैयक्तिक मत, आमरसाला रायवळच. हापूसचा रस म्हणजे नुसता दिमाख. पण हे मत देवगडात बोलायची सोय नाही.

दलालानं दीड लाख परत केले. पन्नास हजार म्हणे कागदपत्रांचा खर्च. कुठले कागद, ते विचारायला आम्हाला ताकद उरली नव्हती.

आता वेळ थोडा राहिला आहे, म्हणून बाकीचं भराभर सांगतो. फ्लॅट घेताना पैसे बँकेतूनच द्यायचे, एनआरई किंवा एनआरओ या परदेशी राहणाऱ्यांसाठीच्या इथल्या खात्यातून, किंवा परदेशातून थेट पाठवून. डॉलरच्या नोटा हातात द्यायच्या नाहीत. बायको किंवा नवरा तिकडचा असेल, ओसीआय नसेल, तर दोघांच्या नावानं एक घर घेता येतं, पण लग्न नोंदलेलं हवं आणि व्यवहाराच्या आधी दोन वर्षं सलग टिकलेलं हवं. मुखत्यारपत्र अमेरिकेत केलं असेल तर त्यावर तिथल्या सरकारचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा शिक्का, किंवा आपल्या वकिलातीची साक्षांकन मोहोर घ्या, आणि ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरा. तीन महिने. विसरू नका. वारसानं आलेली शेतजमीन विकायची वेळ आली तर ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते.

आणि अमेरिकेची बाजू. तो देश आपल्या नागरिकावर, तो जगात कुठेही राहो, जगभरच्या उत्पन्नावर कर मागतो. इथलं भाडं, इथला विक्रीचा नफा, सगळं तिथल्या विवरणपत्रात दाखवायचं. इथं भरलेल्या कराची तिथं सूट मिळते, पण दाखवायचं मात्र सगळं. परदेशातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एक दिवस जरी 10,000 डॉलरच्या वर गेली तरी वेगळा अर्ज भरायचा. आईबरोबर नाव लावलेलं खातंसुद्धा त्यात धरायचं. इथं पुष्कळ जण चुकतात.

पहिल्या वर्षी चुलतभावानं बंड्याच्या वाट्याच्या आंब्यांचे नऊ हजार रुपये त्याच्या एनआरओ खात्यात भरले. शेतीचं उत्पन्न आपल्याकडे करमुक्त. अमेरिकेत तसं काही नाही. तेच आंबे देवगडला करमुक्त आणि एडिसनला करपात्र. बंड्यानं प्रामाणिकपणे ते आपल्या तिथल्या हिशेबनिसाला सांगितलं. त्यानं विचारलं, मालमत्तेचा पत्ता काय? बंड्याचा मला रात्री अकराला फोन. गट नंबर आहे, हिस्सा नंबर आहे, पण रस्ता नाही, घर नंबर नाही, काय लिहू?

मी म्हटलं, काकीला विचार. त्यानं खरंच विचारलं. आता त्याच्या न्यू जर्सीतल्या फायलीत इंग्रजीत लिहिलंय, 'काकीच्या घराच्या मागे, गडग्यापलीकडे.'

नमस्कार.