गवत कधी कापायचं?

नमस्कार श्रोतेहो.

हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीवर पक्षी बघायला जाणाऱ्या बहुतेकांच्या डोळ्यांत एकच रंग असतो, गुलाबी. फ्लेमिंगोंनी सगळ्यांना इतकं भुलवलंय की त्यांच्या पायाशी चिखलात वावरणाऱ्या राखाडी-तपकिरी गर्दीकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. आज मी त्या गर्दीतल्या एकाबद्दल बोलणार आहे. काळ्या शेपटीचा गॉडविट. मराठी पक्षीमित्र त्याला पाणटिवळा असंही म्हणतात.

अंगाने पारव्याएवढा, पण पाय आणि चोच दुसऱ्याच कोणाची तरी आणून लावल्यासारखी लांब. चोच सरळ, मुळाशी गुलाबी, टोकाला काळपट. चिखलात ती पार डोळ्यांपर्यंत खुपसली तरी त्याला तिचं फक्त टोक उघडता येतं, बाकीची चोच मिटलेलीच राहते. त्या टोकाला स्पर्शाची जाण असते. त्यामुळे किडा दिसायची गरजच नाही, तो चोचीला कळतो. हिवाळ्यात आपल्याकडे दिसतो तो त्याचा साधा, मातकट वेश. एप्रिलच्या सुमारास काहींच्या मानेवर आणि छातीवर विटकरी रंग चढू लागलेला दिसतो. तो दिसला की समजायचं, पाहुणे निघायच्या बेतात आहेत.

निघून जातात कुठे? या पक्ष्याचा पसारा मोठा आहे. आइसलँडपासून रशियाच्या पूर्व टोकापर्यंत गवताळ, ओलसर प्रदेशात तो अंडी घालतो. पश्चिम युरोपातले पक्षी थंडीत स्पेन, पोर्तुगाल आणि पश्चिम आफ्रिकेत उतरतात. मध्य आशियातले, सायबेरियातले दक्षिणेकडे येतात. मुंबईच्या खाड्या, उजनी, जायकवाडी, नांदूर मधमेश्वर, तिकडे ओडिशातलं चिल्का सरोवर ही त्यांची हिवाळी ठिकाणं. अतिपूर्वेकडचे आग्नेय आशिया गाठतात, आणि काही तर ऑस्ट्रेलियासुद्धा. चीनच्या बोहाय उपसागरात थांबा घेणाऱ्या पक्ष्यांची तर शास्त्रज्ञांनी अलीकडेच वेगळी उपजात ठरवली.

आता एवढा पसारा असलेल्या पक्ष्याची काळजी कशाला करायची, असं तुम्हाला वाटेल. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत हा पक्षी २००६ पासून 'संकटसमीप' या वर्गात आहे. म्हणजे अजून धोक्यात नाही, पण धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. कारण, त्याआधीच्या पंधरा वर्षांत त्याची संख्या जवळजवळ पाव हिश्श्याने घटल्याचा अंदाज होता. आणि ही घट सर्वांत जास्त कुठे झाली? ज्या देशाचं या पक्ष्यावर सर्वांत जास्त प्रेम आहे, त्या देशात. नेदरलँड्समध्ये.

डच लोक त्याला 'ख्रुटो' म्हणतात. त्यातला 'ख' घशातून काढायचा. विणीच्या दिवसांत नर कुरणावर घिरट्या घालत जे ओरडतो, त्यावरूनच हे नाव पडलं. आपण टिटवीला टिटवी म्हणतो ना, तसंच. २०१५ मध्ये तिथल्या लोकांनी मतदान करून त्याला राष्ट्रीय पक्षी म्हणून निवडलं. पश्चिम युरोपातले बहुसंख्य गॉडविट याच चिमुकल्या देशाच्या कुरणांत वीण करतात. १९६०च्या दशकात तिथे सव्वा लाखाच्या आसपास जोड्या होत्या. आज तीस हजारांच्या आसपास उरल्या आहेत.

गंमत अशी, की या पक्ष्याला तिथे शेतकऱ्यांनीच मोठं केलं होतं. दलदलीचं पाणी काढून केलेली कुरणं, गायींचं शेण, त्यामुळे मातीत भरपूर गांडुळं, आणि जूनपर्यंत न कापलेलं, फुलांनी भरलेलं गवत. गॉडविटला आणखी काय हवं? मग दुधाचा धंदा वाढला. जमिनीतलं पाणी आणखी खाली नेलं, खतं वाढली, अनेक जातींच्या गवताऐवजी एकच भरभर वाढणारं गवत पेरलं गेलं आणि ते मे महिन्यातच कापलं जाऊ लागलं. पुन्हा वाढलं की पुन्हा कापायचं.

गॉडविटची मादी जमिनीवरच घरटं करते. बहुधा चार अंडी. पिल्लं अंड्यातून निघाली की काही तासांत चालू लागतात. आईबाप राखण करतात, पण चारा भरवत नाहीत. पिल्लाला आपलं पोट आपणच भरावं लागतं. उडता येईपर्यंत साधारण पंचवीस दिवस ते गवतातले किडे टिपत फिरतं. नेमक्या याच पंचवीस दिवसांत गवत कापणारं यंत्र शेतात येतं. यंत्राखाली नाही सापडलं तरी कापलेल्या गवतात किडे नसतात आणि लपायला जागा नसते. वरून शिकारी पक्षी, खालून कोल्हे.

एक गोष्ट मला सगळ्यांत अस्वस्थ करते. मोठे झालेले गॉडविट चिवट असतात, वीस वर्षांहून अधिक जगलेल्यांच्या नोंदी आहेत. त्यामुळे पिल्लं जगत नसली तरी वर्षानुवर्षं कुरणावर पक्षी दिसत राहतात. वृद्धांनीच भरलेल्या गावासारखं. दर वसंतात तेच चेहरे परत येतात आणि बघणाऱ्याला वाटतं, सगळं ठीक आहे.

डच लोक हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. स्वयंसेवक शेतात घरटी शोधतात, बाजूला काठ्या रोवतात, म्हणजे यंत्रवाला तेवढा तुकडा सोडतो. गवत उशिरा कापणाऱ्या, जमीन ओली ठेवणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे मिळतात. पण खरं सांगायचं तर घरटं वाचवणं सोपं, पिल्लू वाचवणं अवघड. पिल्लू काठ्यांच्या आत थांबत नाही. तिथल्या ख्रोनिंगन विद्यापीठातले टेयुनिस पीर्स्मा आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षं या पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून आणि पाठीवर ट्रान्समीटर लावून त्यांच्या मागावर आहेत. त्यामुळेच कळलं, की जुलै उजाडेपर्यंत कित्येक पक्षी पश्चिम आफ्रिकेतल्या भातखाचरांत पोचलेलेही असतात, आणि परतताना स्पेन-पोर्तुगालच्या कापणी झालेल्या भातशेतीत सांडलेला दाणा टिपतात. थोडक्यात, हा पक्षी जवळजवळ वर्षभर कोणाच्या ना कोणाच्या शेतात असतो.

वाटेतल्या देशांनीही थोडंफार केलं. फ्रान्सने २००८ पासून त्याची शिकार थांबवली. पोर्तुगालमध्ये लिस्बनजवळ तेजो नदीच्या मुखाशी, माँतिझोला विमानतळ व्हायचा होता. विमानांची वाट आणि हजारो गॉडविटांची वाट एकच. तेव्हा नेदरलँड्समधल्या पक्षीमित्रांनी इतक्या लांबून आवाज उठवला. २०२४ मध्ये पोर्तुगाल सरकारने विमानतळासाठी दुसरी जागा निवडली.

आता आइसलँडला चला, कारण तिथे नेमकं उलटं घडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दोन-तीन हजार गॉडविट होते, तेही दक्षिणेच्या सखल भागात. आता ते पन्नास हजारांच्या घरात आहेत आणि जवळपास सगळ्या सखल भागात पसरलेत. हवा थोडी उबदार झाली, चाऱ्याची शेती वाढली, पण ती अजून नेदरलँड्सइतकी घाईची झालेली नाही. हवामान बदलाने एखाद्याचं भलं झाल्याचं ऐकून मला बरं वाटावं की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही.

तिथलाच एक शोध २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. आइसलँडच्या गॉडविटांची जोडी वर्षानुवर्षं टिकते, पण हिवाळा दोघं एकत्र काढत नाहीत. एक इंग्लंडमध्ये, तर दुसरा पोर्तुगालमध्येसुद्धा असू शकतो. सरासरी हजार किलोमीटरचं अंतर. आणि तरी वसंतात दोघं साधारण तीन दिवसांच्या फरकाने त्याच कुरणात हजर! एखाद्याला फारच उशीर झाला, तर मात्र काडीमोड. आपल्याकडच्या पुण्याहून मुंबईला वेळेवर न पोचणाऱ्यांनी यातून काय घ्यायचं ते घ्यावं.

आपल्याकडे प्रश्न गवताचा नाही, चिखलाचा आहे. इथे त्यांना अंडी घालायची नाहीत, फक्त पोट भरायचं आहे. दूरच्या उड्डाणाची चरबी याच चिखलातून मिळते. ठाणे खाडीतलं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान मिळाला. नांदूर मधमेश्वर तर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ. पण पक्ष्याला हद्दीचा दगड वाचता येत नाही. भरतीला चिखल बुडाला की त्याला तासन्‌तास उभं राहायला कोरडी, शांत जागा लागते. जुनी मिठागरं, खाजणं, उथळ तळी अशा जागा बहुतेकदा अभयारण्याच्या रेषेबाहेर असतात, आणि शहराला भराव टाकण्यासाठी नेमक्या त्याच डोळ्यांत भरतात. अभयारण्य म्हणजे जेवणघर राखलं आणि झोपायची खोली विकायला काढली, असा प्रकार.

तुम्ही खाडीवर गेलात तर भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून जा. पाणी पूर्ण ओसरल्यावर पक्षी फार लांब जातात. भरती चढू लागली की लाट त्यांना आपल्याकडे ढकलत आणते. त्या अर्ध्या-पाऊण तासात दुर्बीण पायांवर लावा. एखाद्याच्या पायात कडं किंवा रंगीत पट्टी दिसली, तर कोणत्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली, रंग कोणता, अक्षरं असली तर कोणती, हे तिथल्या तिथे लिहून घ्या आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. ही संस्था १९२७ पासून पक्ष्यांना कडी घालते आहे. घाई मात्र करावी लागते. पाणी आधी बोटांवर येतं, मग कड्यावर, आणि तुम्ही दुसरं अक्षर वाचत असतानाच सगळा थवा उठतो. काळ्या शेपट्या, पंखांवरच्या पांढऱ्या पट्ट्या, आणि कडं कोणाच्या पायात होतं ते आता कोणालाच सांगता येत नाही.