प्लगशिवाय

[उजव्या हाताचा क्लोज-अप]

गिटारचं हे पिक बघा. कडा झिजून गोल झाल्यात. फोक-पंक, म्हणजे लोकगीतांच्या साध्या वाद्यांवर वाजवलेलं बंडखोर पंक रॉक. ते वाजवणारा हात तारा छेडत नाही, त्यांच्यावर तुटून पडतो. ड्रम नाही, म्हणून बूट आपटतोय. माइक नाही, म्हणून गळा ताणलाय. कॉर्ड तीन, फार तर चार. ऐकणाऱ्याला घरी जाऊन वाजवता यावं, इतपतच गाणं अवघड ठेवायचं.

[जुनी छायाचित्रं : चौक, गर्दी, बँड]

कुणालाही उचलता येईल असं गाणं करायची ही युक्ती पंकवाल्यांच्या आधीची. १९०९च्या सुमारास अमेरिकेतल्या स्पोकेन शहरात आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेचे वक्ते चौकात उभे राहायचे आणि शेजारी सॅल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेचा बँड सुरू व्हायचा. भाषण त्यात बुडून जायचं. मग कामगारांनी बँडच्याच चाली उचलल्या. तो प्रार्थनागीत वाजवणार, हे त्याच चालीवर मजुरीचं गाणं म्हणणार. साथसंगत फुकट! खिशात मावणारं त्यांचं गाण्यांचं पुस्तकही त्याच वर्षी निघालं. 'अमुक गाण्याच्या चालीवर' एवढी ओळ छापली की झालं. चाल सगळ्यांच्या तोंडात होतीच.

यात सगळ्यांत तरबेज होता जो हिल नावाचा, स्वीडनहून आलेला मजूर. १९११मध्ये त्यानं स्वर्गातल्या भेटीचं एक प्रार्थनागीत घेतलं आणि त्यात पाद्री घुसवला. हा पाद्री उपाशी माणसाला सांगतो : खायला मिळेल की, मेल्यावर! १९१५मध्ये युटा राज्यात, खुनाच्या खटल्यात हिलला गोळ्या घालून मारलं. आरोप त्यानं शेवटपर्यंत नाकारला.

[फोटो, १९४३. गिटारवर सावकाश झूम]

वुडी गथ्री, अमेरिकन लोकगायक. गिटारवर लिहिलंय : 'हे यंत्र फॅसिस्टांना मारतं.' चाली यानंही बिनदिक्कत उसन्या घेतल्या.

[पाठीवर अँप्लिफायर घेतलेला ब्रिटिश गायक बिली ब्रॅग]

गिटार इलेक्ट्रिक आहे, मान्य. पण अँप्लिफायर बॅटरीवरचा, आणि तो पाठीवर बांधून हा माणूस रस्त्यावर. १९८३च्या पहिल्या रेकॉर्डवर सात गाणी, एकच आवाज, एकच गिटार. कव्हरवर ठळक सूचना : २.९९ पौंडांपेक्षा जास्त देऊ नका. दुकानदाराला भाव चढवायची सोयच ठेवली नाही. ब्रिटनमधल्या खाणकामगारांच्या १९८४-८५च्या संपात तो त्यांच्या मदतीसाठी गात फिरला. संप फसला.

[पुन्हा फूटपाथ]

तार तुटली. टोक मनगटाशी हेलकावतंय. गाणं पाच तारांवर चालूच. पुढच्या रांगेतल्या मुलीनं ध्रुवपद उचललंय, अर्धा सूर खाली.

[इथून निवेदन नाही. कडवं संपेपर्यंत मूळ आवाज.]