वजनकाट्याजवळच आयुष्मान कार्ड

(नागपुरात अंगणवाडी सेविका आणि पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मी मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, होते तेव्हाची गोष्ट. कळमन्याच्या बाजूची वस्ती, बाप बाजारात हमाली करणारा. त्यांचं दोन वर्षांचं पोरगं वजनात मागं पडत होतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आलं, डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि हृदयाला छिद्र असल्याची शंका घेऊन पुढं पाठवलं. ऑपरेशन सरकारी आरोग्य योजनेत बसत होतं, आणि ती योजना रेशनकार्डावर मिळते. घरात केशरी रेशनकार्ड होतं. पण त्या कार्डावर या पोराचं नावच नव्हतं. आई म्हणाली, "मोठीचं टाकलं होतं ताई, याचं टाकाचं राहूनच गेलं जी."

नाव चढायला पाच आठवडे लागले. ऑपरेशन झालं, पोरगं आता शाळेत जातं. पण त्या पाच आठवड्यांत माझ्या मनाला एकच गोष्ट टोचत राहिली. आमच्या रजिस्टरात या मुलाचं सगळं होतं. जन्मतारीख, आईचं नाव, आधार, दर महिन्याचं वजन, दंडाचा घेर. घरी नेण्याच्या आहाराची पाकिटं त्याला नियमित मिळत होती. ज्या सरकारनं त्याला कुपोषित म्हणून मोजलं, त्याच सरकारला दवाखान्याच्या खिडकीवर तो सापडत नव्हता.

अमेरिकेतही नेमकं हेच व्हायचं. तिथं गरिबांच्या मुलांसाठी मेडिकेड हा सरकारी विमा आहे. 1997 साली त्याला जोडून, थोड्या बऱ्या स्थितीतल्या पण विमा न परवडणाऱ्या घरांतल्या मुलांसाठी 'चिप' ही योजना आली. तरी लाखो पात्र मुलं बाहेरच राहिली. कारण अर्ज वेगळा, उत्पन्नाचे पुरावे पुन्हा वेगळे. आणि यातली कितीतरी घरं अन्नाची मदत आधीच घेत होती. गरोदर बाया आणि पाच वर्षांखालच्या मुलांसाठीचा 'विक' हा पोषण कार्यक्रम, शाळेतलं मोफत जेवण, आणि गरीब घरांना अन्न घ्यायला मिळणारी 'फूड स्टॅम्प' ही सरकारी मदत. 2009 मध्ये कायदा झाला: अन्नाच्या योजनेनं घराचं उत्पन्न एकदा तपासलं असेल, तर राज्यांना मुलाच्या विम्यासाठी तीच तपासणी धरता येईल, पुन्हा पुरावा मागायची गरज नाही. लुइझियाना राज्यानं 2010 च्या फेब्रुवारीत फूड स्टॅम्पच्या यादीवरून सुरुवातीलाच दहा हजारांवर मुलं विम्यात घेतली. आईबापांनी मिळालेलं कार्ड दवाखान्यात वापरलं, की तीच त्यांची संमती. पुढं संमतीसाठी फॉर्मवर एका चौकटीत खूण करायला लावली, तर नोंदणी धाडकन खाली आली. एक चौकट! आपल्याकडं तर जन्मदाखला, आधार, झेरॉक्स, आणि त्यापायी बुडालेली दोन दिवसांची मजुरी.

आपल्या योजनेत पैसा कमी आहे असं मी म्हणणार नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं संरक्षण आहे. 2023 च्या निर्णयानं पांढरं कार्डही आत आलं. पण हे सगळं रेशनकार्डावर उभं आहे, आणि लेकराचं नाव कार्डात सगळ्यात शेवटी चढतं. धान्य पुरतंय तोवर घरच्यांना घाई नसते. आजार आला की धावपळ.

त्यात नागपूरचा आणखी एक पेच. बालाघाट, छिंदवाडा, छत्तीसगडहून बांधकामावर आलेली कुटुंबं. 'एक देश एक रेशन'मुळं धान्य त्यांना इथंही उचलता येतं. आयुष्मान कार्डही देशभर चालतं, पण ते काढलेलं असलं तर. गावाकडच्या रेशनकार्डात या मुलांची नावं आहेत का, हे त्यांना कुणी विचारतच नाही. अंगणवाडीत मात्र ही मुलं खिचडी खायला येतात.

हे काम सेविकेच्या माथी मारा, असं माझं म्हणणं मुळीच नाही. मानधनावर राबणाऱ्या बाईकडं आधीच पोषण ट्रॅकर या नोंदींच्या अ‍ॅपचा मोबाईल, लसीकरण, गृहभेटी आहेत. माझी मागणी उलटी आहे. योजनेचा आरोग्यमित्र, म्हणजे रुग्णांना योजनेत मदत करणारा माणूस, दवाखान्यातल्या टेबलामागं बसतो. महिन्यातून एक दिवस, वजनाच्या दिवशी, त्यानं अंगणवाडीत यावं आणि तिथंच आयुष्मान कार्डं काढून द्यावीत. आया त्या दिवशी येतातच, वेगळी मजुरी बुडत नाही. आणि हेही ठणकावून सांगते, कार्ड नाही म्हणून कुणाची आहाराची पाकिटं एक दिवसही अडवायची नाहीत. आईला विचारल्याशिवाय तिच्या मुलाची माहिती दुसऱ्या खात्याला द्यायची नाही.

तो आरोग्यमित्र येईल तेव्हा येईल. येत्या वजनाच्या दिवशी रजिस्टर उघडाल, तेव्हा कडेला पेन्सिलनं एक रकाना आखा: रेशनकार्डात नाव आहे का? ज्यांच्यापुढं 'नाही' येईल, त्या आयांना एकेकटं पाठवू नका. जन्मदाखले आणि आधार एका पिशवीत घ्या, आणि सगळ्या मिळून एकाच दिवशी आपल्या झोनच्या रेशन ऑफिसात जा. मला कळवा, मीही येते.