मामंजी किती जण आहेत?

नमस्कार मंडळी.

विलेपार्ल्यात राहणाऱ्या श्रोत्यांना आज सुरुवातीलाच शाबासकी देऊन टाकते. एका फ्रेंच क्रियापदाचं एक रूप तुम्हाला जन्मापासून बिनचूक येतंय. 'वू पार्ले', म्हणजे 'तुम्ही बोलता'. स्टेशनच्या पाटीवरचं पार्ले, तेच. 'र' तेवढा घशातून काढायचा, गुळण्या करताना निघतो तसा.

तर हे बोलण्याचं क्रियापद लिहिताना त्याच्या शेवटी ई आणि आर अशी दोन रोमन अक्षरं असतात. फ्रेंचमधली दहातली नऊ क्रियापदं अशी ई-आरवाली, आणि नवीन जन्माला येणारीही बहुतेक याच घरात येतात. गूगलवर शोधायचं तर 'गूग्ले'. एक चाल बसली की हजारो क्रियापदं तुमची.

आणि चाल कशी, तर चकलीसारखी. ई-आर काढून टाकलं की उरतं ते 'पार्ल', आपली मळलेली भाजणी. ती सोऱ्यात भरायची आणि माणूस बदलला की चकती बदलायची. ऐका हं. ज पार्ल, मी बोलतो. त्यु पार्ल, तू बोलतोस. इल पार्ल, तो बोलतो. नू पार्लों, आम्ही बोलतो. वू पार्ले, तुम्ही बोलता. इल पार्ल, ते बोलतात.

काही लक्षात आलं? पुन्हा म्हणते. ज पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. चकत्या सहा, पण कानाला आवाज तीनच. मी, तू, तो आणि ते, चौघांचं 'पार्ल' एकच. कागदावर मात्र थाट वेगळा. मी-ला नुसता ई, तू-ला ई-एस, तो-ला परत ई, आम्ही-ला ओ-एन-एस, तुम्ही-ला ई-झेड आणि ते-ला ई-एन-टी. हा शेवटचा ई-एन-टी लिहायचा, म्हणायचा नाही. लॅटिनच्या काळी तो म्हणत असत. पुढे जिभेनं सोडला, लेखणीनं धरून ठेवला. माझ्या एका वर्गमित्रानं तो 'पार्लेंट' असा खणखणीत वाचला होता आणि बाईंनी डोळे मिटून घेतले होते.

म्हणूनच फ्रेंचमध्ये 'मी', 'तू' गाळता येत नाहीत. आपण नुसतं 'जातो' म्हटलं तरी कोण जातोय ते घरात सगळ्यांना कळतं. तिथे नुसतं 'पार्ल' म्हटलं तर चौघांतलं कोण, पत्ता लागणार नाही. एक सोय मात्र आहे, बोलणारा पुरुष की बाई याचा क्रियापदाला पत्ताच नसतो. बोलतो, बोलते, बोलतोय, बोलतेय, या सगळ्याला मिळून एकच 'ज पार्ल'.

जाता जाता एक सांगते, अकरावीला मुलांना फ्रेंच घ्यायला लावतात ते मार्क मिळतात म्हणून. शंभरात पंचाण्णव मिळवलेल्या मुलीला मी पाव मागायला सांगितला तर ती मला तक्ता म्हणून दाखवायला लागली. तक्ता पाठ असणं म्हणजे भाषा नव्हे, असं माझं मत आहे. असो. माझं तरी तेव्हा काय वेगळं होतं, तेच सांगते.

आमच्या ह्यांच्या नोकरीपायी आम्ही दोन वर्षं फ्रान्समध्ये ल्योंला राहिलो. क्र्वा-रूसच्या टेकडीवर, जिथे पूर्वी रेशीम विणणारे राहत. माग मावावेत म्हणून तिथल्या जुन्या घरांची छतं ही एवढी उंच. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. खालच्या मजल्यावर एक मादाम राहत. सत्तरीच्या, एकट्या, रोज लिपस्टिक लावूनच कचरा टाकायला जाणाऱ्या. माझं फ्रेंच सुधारायचा त्यांनी विडाच उचलला होता.

तर मिरजेहून माझे सासरे यायचे होते. एकटेच, सासूबाईंचे गुडघे त्या जिन्याला तयार नव्हते. जिन्यात मादामनी विचारलं, तुमचे सासरे कधी येतात? आता बघा, मराठीत आपण काय म्हणू? 'मामंजी रविवारी येतात.' 'येतो' म्हटलं तर जीभ झडेल. मी मनातल्या मनात त्या 'येतात'चं फ्रेंच केलं आणि ऐटीत म्हटलं, 'इल्झारीव दिमांश.'

इथेच घोळ झाला. येऊन पोचणे हे क्रियापद 'आरिव्हे', सुरुवातीला स्वर. 'तो येतो' म्हणजे 'इलारीव'. 'ते येतात' म्हटलं की 'इल'च्या शेवटी लिहिलेला, एरवी मुका असणारा एस जागा होतो आणि 'माझा'तल्या झ-सारखा वाजतो. इल्झारीव. बाकी फरक शून्य. आणि तो झ मी मुद्दाम ठासून म्हटला, कारण आदल्याच आठवड्यात शिकले होते. फ्रेंचमध्ये समोरच्या माणसाला आदरार्थी 'वू' आहे, अगदी आपल्या 'तुम्ही'सारखं. पण पाठीमागे कुणाला आदरार्थी बहुवचन नाही. राष्ट्राध्यक्षसुद्धा 'तो येतो'.

मादामच्या भुवया वर गेल्या. त्यांनी विचारलं, 'इल मांज द ला व्यांद?' मांस खातात का? आता खाण्याचं क्रियापद 'मांजे', सुरुवातीला व्यंजन. इथे झ वाजत नाही. 'तो खातो' पण 'इल मांज', 'ते खातात' पण 'इल मांज'. त्यांनी विचारलं अनेकांबद्दल, मी ऐकलं एकाबद्दल. म्हटलं, छे छे, भाज्याच. मग त्यांनी विचारलं, 'इल रेस्त लों-तां?' खूप दिवस राहणार? 'रेस्ते', पुन्हा व्यंजन, पुन्हा तेच. मी म्हटलं, एक महिना. त्यांनी कठड्याला हात टेकला आणि आमच्या दोन खोल्यांच्या दाराकडे वर पाहिलं. मला वाटलं, किती गं प्रेमळ, सासरा महिनाभर म्हणून माझी काळजी वाटतेय!

रविवारी सकाळी दार वाजलं. मादाम. मागे त्यांचा दणकट भाचा, दोन्ही काखांत मिळून घडीच्या सहा खुर्च्या. खुर्च्या ठेवून तो खाली गेला आणि हवा भरायच्या दोन गाद्या घेऊन आला. मादामच्या हातात घमेल्याएवढ्या भांड्यात ग्रातँ दोफिन्वा. म्हणजे बटाट्याच्या पातळ चकत्या, सायीत भाजलेल्या, भांड्याला लसूण चोळलेला आणि वरून जायफळ. पंधरा माणसं जेवली असती. मी नुसती 'मेर्सी, मेर्सी' करत उभी. वाटलं, पाहुणा आला की खुर्च्या आणायची रीत असेल इथली.

दुपारी हे मामंजींना पार-द्यू स्टेशनवरून घेऊन आले. माकडटोपी, मफलर, हातात चकलीचा डबा, चार जिने चढून धापा टाकत मामंजी दारात. मादामनी हस्तांदोलन केलं. मग त्यांच्या खांद्यावरून जिन्यात डोकावल्या. बराच वेळ डोकावल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, 'ए ले झोत्र?' आणि बाकीचे?

बाकीचे कोण? तिथे जिन्यातच वही काढली. मी लिहिलं ते बघून त्या शेवटच्या ई-एन-टीवर बोट ठेवून हसत बसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मामंजींना सगळं मराठीत समजावलं, तर ते म्हणाले, 'मग बरोबरच बोललीस की तू.' ते ग्रातँ आम्ही चार दिवस खाल्लं. मामंजींनी शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्लं आणि तसंच जास्त चांगलं लागतं, हे मी आजही कुठल्याही फ्रेंच माणसासमोर सांगेन.

अरे, वेळ संपत आली. दोन गोष्टी पटकन. 'मांजे'च्या आम्ही-रूपात एक ई जास्तीचा ठेवतात, नाहीतर 'ज'चा 'ग' होऊन 'मांगों' होईल. आणि 'आले', म्हणजे जाणे, हे दिसतं ई-आरवालं, पण चालीत बसत नाही. ज व्हे, त्यु व्हा, अशी त्याची तऱ्हाच वेगळी, त्याला सोऱ्यात घालू नका. 'दांसे' म्हणजे नाचणे, ते घालून बघा घरी. ज दांस, त्यु दांस, इल दांस, नू दांसों, वू दांसे, इल दांस. चकत्या सहा, आवाज तीन.

पुढे आम्ही तिथे असेपर्यंत आमच्याकडे कुणीही यायचं म्हटलं की मादाम जिन्यात मला थांबवत, एक बोट वर करून विचारत, 'इलारीव?' मग पाची बोटं उघडून, 'की इल्झारीव?' आणि मी बोटांनीच उत्तर देत असे.