पंचवीस हजार आणि एक सातबारा

श्रोतेहो, नमस्कार.

मी कोर्टातला माणूस, पण वकील नाही. कोकणातल्या तीन-चार तालुक्यांच्या कोर्टांत कारकुनी केली आणि शेवटची बरीच वर्षं नाझर म्हणून काढली. नाझर म्हणजे कोर्टाचा खजिनदार म्हणा ना. दंड, अनामत, जामिनाची रोख रक्कम, सगळं त्याच्या खिडकीतून आत येतं आणि, नशीब असेल तर, त्याच खिडकीतून परत जातं. आज त्या खिडकीतून पाहिलेला जामीन तुम्हाला सांगणार आहे.

जून महिन्यातला सोमवार होता. पाऊस असा की कोर्टाच्या व्हरांड्यात छत्र्यांची रांग लागलेली. एक बाई खिडकीशी आल्या, साठीच्या असतील. प्लास्टिकच्या पिशवीत दुसरी पिशवी, तिच्यात रुमाल आणि रुमालात नोटा. म्हणाल्या, "साहेबानु, हे पंचवीस हजार आसत. मोजून घेवा आणि माझ्या झिलाक सोडा."

प्रकरण आपल्याकडचं नेहमीचं. दोन घरांमधला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, पावसात ढासळला, तो परत रचताना हातभर इकडे की तिकडे यावरून भावकीत जुंपली, कोयती निघाली आणि एकाच्या हाताचं हाड मोडलं. गुन्हा अजामीनपात्र, म्हणजे जामीन हक्काने मिळत नाही, द्यायचा की नाही ते कोर्ट ठरवतं. आधी पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, मग एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी, आणि शुक्रवारी जिल्हा न्यायालयातून जामीन मंजूर. ऑर्डर माझ्या टेबलावरच होती. "25,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार." काकींनी त्यातलं पंचवीस हजार एवढंच ऐकलं होतं. शनिवारी त्यांनी पतपेढीत बांगड्या ठेवल्या होत्या.

आता या ऑर्डरीत पैसे भरा असं कुठेच नाही. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेला शब्द: मी तारखेला हजर राहीन, न राहिलो तर 25,000 देईन. जामीनदार म्हणजे त्या शब्दाच्या पाठीशी उभा राहणारा दुसरा माणूस: हा आला नाही तर माझ्याकडून घ्या. त्या दिवशी कोणाच्या खिशातून एक रुपया जायचा नसतो. कोर्टाला एवढंच बघायचं असतं की वेळ आलीच, तर या माणसाकडून एवढी रक्कम वसूल होईल का.

हा घोळ सिनेमामुळे झाला असावा. अमेरिकेत खरंच जामिनाचे एजंट असतात. ते साधारण दहा टक्के फी घेऊन माणूस सोडवतात आणि ती फी परत मिळत नाही. आपल्याकडे या धंद्याला परवानाच नाही. तरीही कोर्टाच्या बाहेर, चहाच्या टपरीशी कोणी हळूच कानाशी लागतो, "जामीनदार पाहिजे का? करून देतो." त्याच्याकडचं रेशनकार्ड कोणाचं, सातबारा कोणाचा, देव जाणे. कागद खोटे निघाले की जामीन रद्द होतो, आणि त्याला आणणाऱ्या घरावर वेगळा गुन्हा दाखल होऊ शकतो. असा एक मनुष्य मी वेगवेगळ्या नावांनी दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा मिशी काढून आला होता.

तर काकींना म्हटलं, "काकी, पैसे नकोत, माणूस आणा. त्याचा आधार, रेशनकार्ड, फोटो आणि त्याच्या नावचा सातबारा नाहीतर घरपट्टीची पावती." आणि इथेच कोकण आडवं आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचे दीर आले. सज्जन माणूस. सातबारा काढला तर त्यावर सतरा नावं. त्यातले पाच वारलेले, चार लग्न होऊन गेलेल्या आत्या, दोघे परळला, एकाचा पत्ता कोणालाच ठाऊक नाही. मूळ खातेदार पणजोबा. दिरांच्या वाट्याला कागदावर किती येतं? सतरा नावांत काही गुंठे, तेही कुठले ते ठरलेलं नाही. घर राहतं, पण घरपट्टी अजून आजोबांच्या नावावर. अंगणात हापूसची चाळीस कलमं, दरवर्षी पेट्या मुंबईला जातात, आणि कोर्टापुढे हा माणूस पंचवीस हजारांना सक्षम आहे हे दाखवायला एक कागद धड नाही.

घाटावरचा एक न्यायाधीश आमच्याकडे बदलून आला होता. तो असा सातबारा हातात धरून म्हणाला होता, "हा उतारा आहे की लग्नपत्रिका?" आम्ही हसलो. पण वारस नोंद आणि फेरफार करायचा आळस आपला, आणि त्याची किंमत कधी कधी भावकीतलाच एक पोरगा गजाआड बसून मोजतो.

म्हणून घरात अटक झाली की पहिल्याच दिवशी, जामिनाचा अर्ज लागायच्याही आधी, एक काम करा. नात्यात, वाडीत, ओळखीत कोणाच्या एकट्याच्या नावावर काही आहे ते शोधा. पगारदार माणूस सगळ्यात सोपा: शिक्षक, एसटीतला वाहक, बँकेतला शिपाई. पगारपत्रक आणि ओळखपत्र चालतं. जमीनच दाखवायची तर डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून घरबसल्या निघतो. रक्कम मोठी असेल तर तहसीलदारांचा ऐपतीचा दाखला मागतात, आणि त्याला दिवस लागतात. तलाठ्याचा अहवाल लागतो. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गणपतीच्या आठवड्यात तो सापडत नाही तो नाहीच. मूळ कागद बरोबर ठेवा. बऱ्याच ठिकाणी रेशनकार्डाच्या मागे जामिनाचा शिक्का मारतात, झेरॉक्सवर भागत नाही.

आता ज्याला जामीन राहायचंय त्याच्याशी बोलतो. आपल्याकडे शेजारी दारात आला की नाही म्हणवत नाही, आणि सही करताना कागद वाचायची कोणाला सवय नाही. तुम्ही सही करता तेव्हा मुलाच्या चारित्र्याची हमी देत नाही. तो गुन्ह्यात दोषी ठरला तरी तुमचं काही जात नाही. हमी एकच, तो तारखेला येईल. तो आला नाही तर कोर्ट मुचलका जप्त करतं आणि तुम्हाला नोटीस काढतं: रक्कम भरा, नाहीतर का भरू नये ते सांगा. ही नोटीस पोस्टमनने दिली की घाबरून घडवंचीवर ठेवू नका, त्या तारखेला जा. मुलगा आजारी असेल, वाशिष्ठीला पूर येऊन गाड्या बंद असतील, तर ते सांगा. कोर्टाला रक्कम कमी करण्याचा, काही भाग माफ करण्याचा अधिकार आहे. गप्प राहिलात तर दंडासारखी वसुली होते, आणि वसूल झालीच नाही तर जामीनदाराला सहा महिन्यांपर्यंत दिवाणी तुरुंगात ठेवता येतं. हे ऐकून परवा एका शेजाऱ्याने चहाचा कप खाली ठेवला.

पण यातून सुटायची वाटही आहे. पोराची लक्षणं ठीक दिसत नसतील, मुंबईला पळायची भाषा करत असेल, तर जामीनदार कधीही कोर्टात अर्ज करून स्वतःला मोकळं करून घेऊ शकतो. कोर्ट आरोपीला बोलावून दुसरा जामीनदार आणायला सांगतं. आणखी एक: याआधी कितीजणांना जामीन राहिलात ते शपथेवर लिहून द्यावं लागतं. तिथे खरं लिहा.

मुंबईचा प्रश्न वेगळा. मुलगा चाकरमानी, अटक तिकडे, आणि जमीनजुमला, नातलग सगळे देवगडला. तिथला कारकून म्हणतो, जामीनदार स्थानिक पाहिजे. यावर सर्वोच्च न्यायालयाने 1978 सालीच सांगून ठेवलंय. मध्य प्रदेशातला मोतीराम नावाचा गवंडी. त्याला 10,000 रुपयांचा जामीनदार मागितला, आणि भावाचा जामीन नाकारला, का तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते मोडून काढलं. गरिबाला झेपणार नाही अशी रक्कम मागू नये आणि जिल्ह्याच्या हद्दीवरून जामीनदार नाकारू नये, असा त्या निकालाचा अर्थ. वकिलांना हा निकाल पाठ असतो, फक्त खालच्या टेबलाशी त्याची आठवण करून द्यावी लागते. मीही त्या टेबलावर बसलेला, म्हणून सांगतो.

बाकीचं थोडक्यात. 1 जुलै 2024 पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, आमच्यासारख्यांचं पाठांतर वाया गेलं, पण जामिनाचा गाभा बहुतेक तोच राहिला. गुन्हा जामीनपात्र असेल तर जामीन हा हक्क आहे आणि तो पोलीस ठाण्यातच मिळतो, कोर्टापर्यंत जायचं कारण नाही. अशा जामीनपात्र गुन्ह्यात गरिबीमुळे आठवड्यात जामीनदार मिळाला नाही, तर त्या माणसाला नुसत्या जातमुचलक्यावर सोडायचं असं कायदाच म्हणतो. अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं केलंच पाहिजे. आरोपपत्र 60 दिवसांत, आणि गंभीर गुन्ह्यांत 90 दिवसांत आलं नाही, तर जामिनाचा हक्क तयार होतो. मात्र तो आरोपपत्र येण्याआधी मागावा लागतो. भिंतीवरच्या कालनिर्णयावर पहिल्या रिमांडची, म्हणजे कोर्टाने पहिल्यांदा कोठडी दिल्याची, तारीख गोल करून ठेवा. कोठडीतल्या कोणालाही वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तालुका विधी सेवा समितीत जा किंवा 15100 या क्रमांकावर फोन करा. पेन्सिल नसेल तर पुन्हा सांगतो, एक पाच एक शून्य शून्य. आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना उच्च न्यायालयासाठी आता मुंबई गाठायला नको, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच आहे. रायगडकरांची मुंबईच.

अटी मात्र नीट वाचून घ्या. "दर रविवारी पोलीस ठाण्यात हजेरी" ही ओळ वाचायला साधी वाटते. पण मुलगा ट्रॉलरवर खलाशी असेल आणि पावसाळी बंदी उठून बोट आठ-आठ दिवस समुद्रात जात असेल, तर पहिल्याच रविवारी अट मोडते. आधी अर्ज करून वार बदलून घेता येतो. मोडल्यावर सांगितलेलं कारण कारणच राहतं.

काकींकडे परत येतो. दिरांचा सातबारा चालला नाही. गावातले एक गुरुजी राहीन म्हणाले, मग घरच्यांनी त्यांना गप्प केलं. आठवडा गेला. शेवटी वकिलांना सुचलं, आणि ते पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं, की जामीनदार मिळेपर्यंत चार आठवड्यांसाठी तात्पुरत्या रोख जामिनावर सोडा असा अर्ज द्यावा. कोर्टाने तो मान्य केला. म्हणजे काकींचे पंचवीस हजार शेवटी कामाला आलेच. फक्त पैशांबरोबर एक पानी अर्ज लागतो, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मी तरी कुठे सांगितलं? माझ्या खिडकीवर तो विषय नव्हता. पैसे मोजून घेतले, पावती फाडली, सुटकेचा आदेश घेऊन त्यांचा भाचा मोटारसायकलवरून तुरुंगात धावला, कारण संध्याकाळची बंदी झाली की दार उघडत नाहीत. जामीन मंजूर झाल्यापासून अकराव्या दिवशी मुलगा बाहेर आला.

हे काही वर्षांपूर्वीचं. आज तसं झालं तर घरच्यांच्या हातात आणखी एक गोष्ट आहे. 31 जानेवारी 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जामीन मिळूनही कैदी सात दिवसांत सुटला नाही, तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि त्यांनी माणूस पाठवून अडचण विचारायची. महिनाभर जामीनदार मिळालाच नाही तर कोर्ट स्वतःहून अट सैल करण्याचा विचार करू शकतं. गरीब कैद्यांच्या जामिनाच्या रकमेसाठी केंद्राची योजनाही 2023 पासून आहे. आठव्या दिवशी सचिवांच्या कार्यालयात तुम्हीच जाऊन विचारा, कोणी कळवेल म्हणून बसू नका.

महिनाभराने गुरुजींच्याच मेहुण्याने, तो बँकेत होता, जामीनदार म्हणून सही केली. म्हणजे काकींची रोख रक्कम मोकळी झाली. पण मोकळी झाली आणि मिळाली यात फरक आहे. परत मागायला अर्ज लागतो, मूळ पावती लागते. आमच्या रजिस्टरात अशा कित्येक रकमा पडून असायच्या. केस संपते, माणसं घरी जातात आणि पावती विसरतात. आपल्याकडचा पावसाळा असा की ट्रंकेत ठेवलेली पावती चार वर्षांत बुरशीने काळी होते, नाहीतर वाळवीच्या पोटात जाते. पावतीचा फोटो काढा, नंबर घरातल्या दोघांना माहीत असू द्या.

काकी आल्या त्या तीन वर्षांनी, केस तडजोडीत मिटल्यावर. पावती तांदळाच्या डब्यात ठेवली होती, म्हणून शाबूत. मी नोटा मोजून दिल्या. त्यांनी परत मोजल्या, रुमालात बांधल्या, रुमाल पिशवीत, पिशवी पिशवीत. पतपेढीत बांगड्यांवर तीन वर्षांचं व्याज चढलं होतं. खिडकीत वाकून विचारलं,

"साहेबानु, आणि तुमच्याकडसून व्याज काय्येक गावाचा नाय?"

"नाही हो काकी."

"मगे गडगो तेवढो बरो रचलो म्हणायचा," असं म्हणून त्या एसटी पकडायला गेल्या.

नमस्कार.